१२ जानेवारीचे तिसरे नाव : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव (जीवनचरित्र)



१२ जानेवारी म्हटलं की आपल्या शाळांमध्ये टेबलावर दोन फोटो मांडले जातात. एक राजमाता जिजाऊंचा आणि दुसरा स्वामी विवेकानंदांचा. हार घातले जातात, मुलांची भाषणं होतात. याच तारखेला जन्मलेल्या एका तिसऱ्या माणसाची ओळख मुलांना करून द्यावी, म्हणून हा लेख लिहीत आहे.

हा माणूस म्हणजे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. ते ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते तिथून निघालेली औषधं आज आपण रोज बघतो. शाळेत दर आठवड्याला मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी देतो, त्यातलं फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार करण्याचं काम त्यांच्या गटाने केलं. हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत घरोघरी जी डीईसीची गोळी देतात, तीही त्यांच्याच प्रयोगशाळेतली. आणि रक्तात शिरलेल्या काही जंतूंवर माणसाला, गाईगुरांना, अगदी घरच्या मांजरालासुद्धा डॉक्टर जे औषध देतात, त्या टेट्रासायक्लिन कुटुंबातलं पहिलं औषधही तिथलंच. पण यातल्या एकाही गोळीवर त्यांचं नाव नाही.

बालपण आणि शाळा

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे झाला. तेव्हा हा भाग मद्रास इलाख्यात होता. वडील जगन्नाथम महसूल खात्यात नोकरीला होते, आई वेंकम्मा. सात भावंडांमध्ये सुब्बाराव चौथे. वडिलांची प्रकृती साथ देत नव्हती, त्यामुळे नोकरी लवकर सुटली. खाणारी तोंडं जास्त आणि मिळकत कमी, अशी घरची परिस्थिती होती.

मुलाचं अभ्यासात लक्ष नव्हतं. तेरा वर्षांचा असताना तो घरातून पळाला. कुठे, तर काशीला! यात्रेकरूंना केळी विकून पैसा कमवायचा असा त्याचा बेत होता. आईने त्याला परत आणलं आणि पुन्हा शाळेत बसवलं. वेंकम्मा मोठ्या कणखर बाई होत्या. पुढे त्याच्या शिक्षणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले. सुब्बाराव मॅट्रिकला दोनदा नापास झाले आणि तिसऱ्या वेळी मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून पास झाले.

इथे जरा थांबून विचार करूया. दोनदा नापास झालेल्या मुलाबद्दल गावात काय बोललं जातं, हे आपल्याला माहीत आहे. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं पोर मध्येच शाळा सोडतं तेव्हा त्याच्या मागे परत आणणारं कोणी असतंच असं नाही. सुब्बारावांच्या मागे आई होती.

खादीचा अंगरखा

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना सुब्बारावांवर रामकृष्ण मिशनचा प्रभाव पडला. संन्यास घ्यावा असं त्यांच्या मनात होतं. आईने परवानगी दिली नाही. मग लोकांची सेवा करायची तर डॉक्टर होऊन करू, असं ठरवून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. खर्चाचा प्रश्न होताच. मित्रांनी मदत केली. पुढे ज्यांच्या मुलीशी लग्न झालं त्या सासऱ्यांनीही हातभार लावला. १९१९ मध्ये शेषगिरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

तो गांधीजींच्या चळवळीचा काळ होता. सुब्बारावांनी परदेशी कापड सोडलं आणि शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचा अंगरखा घालून ते जाऊ लागले. शस्त्रक्रियेचे इंग्रज प्राध्यापक यावर नाराज झाले. लेखी परीक्षेत चांगली कामगिरी करूनही त्यांना एमबीबीएस ही पूर्ण पदवी मिळाली नाही. एलएमएस हे खालच्या दर्जाचं प्रमाणपत्र हाती पडलं. सरकारी वैद्यकीय सेवेचं दार बंद झालं. शेवटी डॉ. लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेद महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

घरातले मृत्यू

याच वर्षांमध्ये घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने वारले. आजार होता स्प्रू. हा आतड्यांचा आजार आहे. जुलाब थांबत नाहीत, खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होत जातं आणि माणूस खंगतो. उष्ण प्रदेशात तो जास्त आढळायचा. त्या वेळी डॉक्टरांकडे त्यावर औषध नव्हतं. स्वतः सुब्बारावांनाही हाच आजार झाला, पण डॉ. लक्ष्मीपतींच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले.

उष्ण प्रदेशातल्या रोगांचा अभ्यास करायचा म्हणून त्यांनी अमेरिकेला जायचं ठरवलं. काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेने आणि सासऱ्यांनी पैशांची सोय केली. २६ ऑक्टोबर १९२२ रोजी ते बोस्टनला पोहोचले. खिशात फारसं काही नव्हतं. शेषगिरी मागे राहिल्या, त्या गरोदर होत्या. सुब्बाराव दोन-तीन वर्षांत परत येतील, असा सगळ्यांचा समज होता.

त्यांना मुलगा झाला. नऊ महिन्यांचा असताना तो विसर्प रोगाने गेला. जुनी माणसं या रोगाला धावरं म्हणतात. त्वचेवर लाल चट्टा उठतो, तापतो आणि पसरत जातो. हा जंतुसंसर्ग आहे, जंतू रक्तात गेले की लहान जीव टिकत नाही. आज या आजारावर पेनिसिलिन आहे. तेव्हा जगात कुठेच प्रतिजैविक नव्हतं. बापाने मुलाचं तोंडही पाहिलं नाही.

बोस्टनची अठरा वर्षं

हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी उष्णकटिबंधीय रोगांची पदविका घेतली. पोट भरण्यासाठी ते इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामं करत. रुग्णांची भांडी साफ करणं हेही त्यात आलं. नंतर सायरस फिस्क या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांचं संशोधन सुरू झालं.

१९२५ मध्ये दोघांनी रक्त आणि लघवीतला फॉस्फरस मोजण्याची सोपी पद्धत काढली. ती फिस्क-सुब्बाराव पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी वापरली. १९२७ मध्ये स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी या रेणूवरचं त्यांचं काम पुढे आलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही एटीपी स्वतंत्रपणे शोधला होता. पेशीला ऊर्जा पुरवणारा हा एटीपी आपल्याकडे दहावीच्या विज्ञानात येतो. मुलं पाठ करतात, पण त्यामागे भीमावरमचा एक माणूस आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

१९३० मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. मात्र हार्वर्डमध्ये कायमची प्राध्यापकी मिळाली नाही. स्वतःची जाहिरात करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, हेही एक कारण मानतात. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे संचालक झाले.

लेडर्लीची आठ वर्षं

इथे एक मुंबईची आठवण सांगायला हवी. १९२८ नंतर ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या होत्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांना रक्तक्षय का होतो, याचा त्या शोध घेत होत्या. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात असं त्यांना दिसलं. त्या अर्कात नेमकं काय आहे, हे मात्र कळत नव्हतं. तेच पुढे फॉलिक ॲसिड ठरलं. १९४५ मध्ये सुब्बारावांच्या गटाने ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं.

फॉलिक ॲसिडची रचना कळल्यावर त्याला अडवणारे रेणूही बनवता आले. त्यातला ॲमिनोप्टेरिन हा रेणू बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिला. काही मुलांचा आजार काही काळ मागे हटला. रक्ताच्या कर्करोगावर औषधाने असं घडण्याची ती सुरुवात होती. हत्तीरोगावरचं डीईसी हे औषधही याच वर्षांतलं.

आता प्रतिजैविकाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनने कमाल केली होती, पण सगळ्या जंतूंवर ते चालत नव्हतं. शिवाय ते बहुधा टोचून द्यावं लागे. बेंजामिन डग्गर नावाचे सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ विद्यापीठातून निवृत्त झाले होते. लेडर्लीने त्यांना कामावर घेतलं. निवृत्त माणसाला काय काम द्यायचं, असा विचार तिथे झाला नाही हे महत्त्वाचं. डग्गर यांनी ठिकठिकाणची माती मागवली आणि तिच्यातले सूक्ष्मजीव वेगळे करून तपासायला घेतले. मिसुरी विद्यापीठाच्या एका जुन्या प्रायोगिक शेतातल्या मातीत त्यांना सोनेरी रंगाचा सूक्ष्मजीव सापडला. तो स्वतःभोवती जे द्रव्य सोडत होता, त्याने अनेक प्रकारचे जंतू वाढायचे थांबत. सोन्यावरून औषधाचं नाव पडलं ऑरिओमायसिन. शोध डग्गर यांचा, आणि त्यांना माणसं, साधनं व मोकळीक देणाऱ्या विभागाचे प्रमुख सुब्बाराव.

जुलै १९४८ मध्ये हे औषध डॉक्टरांच्या सभेत जाहीर झालं. पुढे काही आठवड्यांतच, ८ ऑगस्ट १९४८ रोजी, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय होतं अवघं ५३. भारत स्वतंत्र होऊन एक वर्षही पुरतं झालं नव्हतं. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं नव्हतं, आणि ते मायदेशीही परतले नाहीत. शेषगिरींची त्यांच्याशी पुन्हा कधीच भेट झाली नाही.

मुलांना चरित्र सांगताना हा भाग आपण गाळतो. माझ्या मते तो गाळू नये. एका माणसाच्या कामाची किंमत दुसऱ्या माणसाने घरी बसून मोजली, आणि तिला ती मोजायची आहे का असं कोणी विचारलं नाही.

रक्तात जंतू शिरतात म्हणजे काय?

जखम, दात, फुफ्फुस, लघवीचा मार्ग किंवा पिसवेचा चावा, अशा एखाद्या वाटेने जंतू शरीरात येतात. बहुतेक वेळा शरीर त्यांना तिथेच अडवतं. अडवता आलं नाही तर ते रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर मेंदू, मूत्रपिंड, यकृत अशा सगळ्या ठिकाणी पोहोचतात. ताप, थंडी, धाप, रक्तदाब उतरणं ही मग लक्षणं. अशा वेळी तासातासाला महत्त्व असतं. डॉक्टर रक्ताचा नमुना घेऊन कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाने मरतो हे तपासायला पाठवतात आणि तोवर अंदाजाने औषध सुरू करतात.

टेट्रासायक्लिन कुटुंबातली औषधं जंतूला आपली प्रथिनं बनवू देत नाहीत. गिरणीचा पट्टा काढून घेतला की दळण थांबतं, तसं. जंतूची वाढ थांबते आणि उरलेलं काम शरीर करतं.

मराठवाडा, १९९४

याचं आपल्या अगदी जवळचं उदाहरण प्लेगचं आहे. प्लेगचा जंतू उंदरांच्या पिसवांतून माणसात येतो. आधी काखेत किंवा जांघेत गाठ येते, मग जंतू रक्तात पसरतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचं निधन झालं. तेव्हा कोणत्याही वैद्याकडे वा डॉक्टरकडे या जंतूवर औषध नव्हतं.

आता पुढचं बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्या जिल्ह्यातले उमरगा आणि लोहारा हे भागही उद्ध्वस्त झाले. त्यानंतर वर्ष व्हायच्या आत, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. भूकंपानंतर पडीक घरं आणि साठवलेलं धान्य यांमुळे उंदीर वाढले, असं तेव्हा सांगितलं गेलं. पाठोपाठ सुरतमध्ये फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागले. या वेळी मात्र हातात औषध होतं. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटल्या गेल्या, त्यांची मागणी इतकी वाढली की सुरतच्या दुकानांतला साठा संपला. १८९७ आणि १९९४ यांच्यात फरक पडला तो अशा औषधांनी.

आणि मांजर?

मुलांना हा विषय सांगायचा तर घरच्या मांजरापासून सुरू करणं सोपं जातं. मांजर मलूल होतं, खात नाही, हिरड्या पांढुरक्या दिसतात, अंगावर पिसवा असतात. यामागे अनेकदा रक्तातला एक जंतू असतो. तो तांबड्या पेशींना चिकटतो आणि त्या नष्ट होऊ लागतात. १९४२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असा आजार मांजरात पहिल्यांदा नोंदवला गेला. आज पशुवैद्य त्यावर डॉक्सिसायक्लिन देतात, तेही टेट्रासायक्लिनच्याच घरातलं. उपचार साधारण दोन ते चार आठवडे चालतो. रक्त फारच कमी झालं असेल तर दुसऱ्या मांजराचं रक्तही द्यावं लागतं. बोक्यांच्या भांडणात चावा लागून गळू होतं, त्यातूनही जंतू रक्तात जाऊ शकतात. तिथे औषध वेगळं लागतं, म्हणून तपासणी आधी.

पालकांसाठी तीन गोष्टी सांगतो :

१. माणसाची गोळी मांजराला अंदाजाने देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराला विषासारखं आहे, त्याने जीव जातो.

२. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते. म्हणून गोळीनंतर पाणी किंवा थोडं खाणं द्यायला पशुवैद्य सांगतात.

३. आठ वर्षांखालच्या मुलांना टेट्रासायक्लिन डॉक्टर सहसा देत नाहीत, कारण येणारे दात पिवळट होतात. म्हणून मोठ्यांच्या उरलेल्या कॅप्सूल घरात ठेवून पोरांना देऊ नयेत.

याच्याच जोडीला आणखी एक. साध्या सर्दीवर प्रतिजैविक चालत नाही, कारण ती विषाणूमुळे होते. आणि डॉक्टरांनी सांगितलेला डोस बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचा नाही. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाच्या रक्तात जंतू पसरले होते. पेनिसिलिन मिळताच तो सुधारू लागला, पण साठा संपला आणि तो दगावला. त्याला औषध पुरलं नाही. आपल्याकडे पुडी पूर्ण असते आणि आपण ती अर्धी टाकतो. कारण नसताना आणि हवं तसं औषध घेत राहिलो की त्याला न जुमानणारे जंतूच उरतात आणि वाढतात, मग पुढच्या रुग्णाला तेच औषध लागू पडत नाही.

नाव कुठे राहिलं?

एका बुरशीला त्यांच्या नावावरून सुब्बारोमायसिस हे नाव दिलेलं आहे. जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. एवढंच. पण एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. ज्या स्प्रूने त्यांचे दोन भाऊ नेले, त्या आजारावर आज डॉक्टर दोन औषधं एकत्र देतात. एक फॉलिक ॲसिड आणि दुसरं टेट्रासायक्लिन. दोन्हींची मुळं सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत आहेत. भावांसाठी उशीर झाला होता, मुलासाठीही झाला होता. पुढच्या लोकांसाठी मात्र झाला नाही.

वर्गात घेण्यासाठी

- लोह-फॉलिक ॲसिडची गोळी देण्याच्या दिवशी पाच मिनिटं सुब्बाराव आणि मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची गोष्ट सांगावी.
- जगाच्या नकाशात भीमावरम, मद्रास, मुंबई, बोस्टन आणि न्यूयॉर्क मुलांकडून शोधून घ्यावीत.
- १९९४ च्या प्लेगबद्दल घरातल्या आजी-आजोबांना विचारून चार ओळी लिहायला सांगावं.
- शाळेच्या आवारातली चिमूटभर माती कागदावर घेऊन भिंगातून बघू द्यावी, नंतर हात साबणाने धुवायला लावावेत. औषध याच मातीतून आलं, हे मुलांच्या लक्षात राहतं.
- प्रश्न : शेषगिरींच्या जागी तुम्ही असता तर सुब्बारावांना पत्रात काय लिहिलं असतं?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मुलांना मोठ्याने वाचायला लावू नका, वहीत राहू द्या. ज्यांचे आई-वडील सहा महिने कारखान्यावर असतात, त्या मुलांकडे या प्रश्नाचं उत्तर आधीपासून असतं.

येत्या १२ जानेवारीला टेबलावर तिसरा फोटो ठेवता आला तर जरूर ठेवा.